पोटखराबा

डोंगर म्हणायचा तर आमच्याकडं एकच,
बाहुबलीचा,
तोही तोड झाल्याशिवाय दिसत नाही.
एरवी चौदा महिने ऊस.
फटफटीवरून जावं तर दोन्ही बाजूंना हिरवी भिंत
आणि वर आभाळाची पट्टी,
धोतराच्या काठाएवढी.

पुण्याचा निनाद फोन करतो, या रविवारी कुठं?
तो सुळके चढतो. दोर, हुक, हेल्मेट.
मी सांगतो, बुबनाळच्या मळीला.
उंची किती?
नदीला विचारून सांगतो, म्हणतो मी,
दर पुराला बदलते.

मी कारखान्याचा स्लिपबॉय.
कुणाचा फड आज, कुणाचा पुढच्या पंधरवड्यात,
म्हणून गावात सगळे माझ्याशी गोड बोलतात.
डिकीत स्लिपबुकाच्या खाली
दुर्बीण, गमबूट, एक हिरवी वही.
"जिनगोंडाण्णा, पोराचं लगीन बघा," कुणीतरी म्हणालं,
"पाणकोंबड्या मोजत फिरतंय."

आमच्या सातबाऱ्यावर एका रकान्यात
सात गुंठे पोटखराबा.
आज्ज्याच्या काळी तिथं शाळू पिकायचा.
मग पाणी आलं, लई आलं,
पाठोपाठ मीठ वर आलं.
आता उन्हात पांढरं फटक,
बाकी पाणकणीस, लव्हाळा, एक वेडी बाभूळ.
अण्णा म्हणतात, वाया गेली.
मी तिथं तंबू लावतो.

पहिल्यांदा लावला त्या रात्री
बाळासोकाका बॅटरी घेऊन आले.
"घरात पलंग हाय, पंखा हाय,
आणि हितं मरायला कशाला?"
मग चपला काढून आत शिरले,
गुडघे पोटाशी घेऊन बसले,
झिप तीनदा वर-खाली केली,
म्हणाले, "भारी हाय की गा."
पहाटेपर्यंत घोरत होते.

आणि मग फड तुटायला लागतात.
एका दुपारी भिंत पडते,
आभाळ येऊन जमिनीला टेकतं,
वायव्येला डोंगर, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा,
आणि पाचटावरून, कमरेच्या उंचीनं,
भोवत्या.
कुठल्या बर्फाच्या मुलखातून आलाय कोण जाणे.
वाटेत त्यानं खरे पर्वत बघितले असतील,
ओलांडले, सोडून दिले.
त्याला हेच पाहिजे होतं:
उंदीर, नाकतोडे,
आणि पंख तिरके धरायला पुरेल एवढं सपाट.

परवा सकाळी झिप उघडली
तर समोर तोडकऱ्यांची एक पोरगी,
सात-आठ वर्षांची, कडेवर भाऊ.
सोजरबाईची थोरली, बीडकडची.
वाढ्यांनी शाकारलेल्या त्यांच्या खोपी आणि माझा तंबू,
मध्ये फक्त एक पाट.
कापडाला बोट लावून तिनं विचारलं,
"तुमचं घर पुरात गेलं का?"
नाही गं. घर आहे.
हे हौस म्हणून.
हौस.
तिनं तो शब्द तोंडात फिरवला,
चिपाडात रस उरलाय का बघावं तसा.

काय बोलावं सुचेना, म्हणून दुर्बीण दिली.
तिनं उलटी धरली, मला इवलासा केला,
हसली,
मग सुलटी करून थेट भोवत्याला गाठलं.
मला हे जमायला दोन हंगाम लागले होते.
"ह्ये व्हय," म्हणाली,
"आमच्या माळावर लई येत्यात."
भाऊ रडायला लागला तशी दुर्बीण माझ्या हातात कोंबून
पाट ओलांडून गेली.

वहीत लिहिलं:
वारा ईशान्येचा. भोवत्या, मादी, एक.
बघणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहून खोडलं.
तिचं विचारायचं राहिलं होतं.

संध्याकाळी गेलो तर खोपींच्या जागी
तीन दगडांच्या काळ्या चुली आणि तुटका कंगवा.
टोळी राजापूरकडं हलवलेली.
हलवायची चिठ्ठी
सोमवारीच फाडली होती,
माझ्याच अक्षरात.